ऐकण्याचे गुण

रूपक तालाने आमच्या शाळेतले जेवढे संघ गारद केले, तेवढे कुठल्याही रागाने केले नसतील. खेळ तसा सोपा. ध्वनिमुद्रण वाजतं, संघातल्या चौघांनी डोळे मिटायचे आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आली की हात वर करायचा. त्रितालात हे जमतं. झपतालाच्या दहा मात्राही दोन-तीन आवर्तनांत अंगात भिनतात. रूपक आला की घोडं पेंड खातं. निम्मे हात चौथ्या मात्रेवर वर होतात, कारण डग्ग्याचा पहिला भरीव ‘धीं’ तिथे पडतो. जिथे वजन तिथे सम, हा हिशेब तोवर सगळीकडे चालून गेलेला असतो. रूपकात समेवरच खाली. पहिली मात्रा ‘तीं’, डग्गा गप्प. डोळे मिटलेले असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून हात वर करायचीही सोय नाही. प्रेक्षकांत बसलेली मुलं खिदळायला लागतात, आणि डोळे उघडल्यावर चौघांना कळतं की आपण चौघे चार ठिकाणी होतो.

मी कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत संगीत शिकवते आणि नववी ते बारावीच्या मुलांसाठी शास्त्रीय संगीत ऐकण्याची ही स्पर्धा घेते. गाण्याच्या स्पर्धांना इथे तोटा नाही. ओणम, गणेशोत्सव, प्रजासत्ताक दिन, कुठल्या ना कुठल्या मंडळाचा वर्धापनदिन. थंडी पडली की गुरुवार-शुक्रवारच्या संध्याकाळी अब्बासियात नाहीतर साल्मियात कुठला तरी हॉल लागलेलाच असतो. स्टेजवर मूल, समोर मोबाइल उंचावलेले आई-बाप, आणि प्रत्येकाला आपल्या मुलाचा नंबर झाला की घरी जायची घाई. गाणारे भरपूर, ऐकणारे जेमतेम त्यांच्या आया. ऐकण्याची स्पर्धा घ्यायची आहे असं मी स्टाफरूममध्ये म्हटलं तेव्हा गणिताच्या बाईंनी विचारलं, “पण मुलं करणार काय?” म्हटलं, ऐकणार. “म्हणजे नुसती बसून राहणार?” हो, बसूनच राहणार. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरांना सात मिनिटं गप्प बसवणं हा काही लहानसा उद्योग नाही, हे नंतर त्याच बाईंनी मान्य केलं.

स्पर्धेशिवाय हे साधणार नाही, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. संगीताच्या सात्त्विक वर्तुळात स्पर्धा हा शब्द काढला की लोक नाक मुरडतात. ऐकणं हा आनंद, त्याला कसले गुण नि कसली ढाल, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना बहुधा नववीच्या वर्गावर शेवटचा तास घ्यावा लागलेला नसतो. इथे शाळा सकाळी सातच्या आधी भरते. पिवळी बस त्याच्याही आधी दारात. दुपारी घरी पोचलं की जेवण, झोप, मग जेईई नाहीतर नीटची शिकवणी. त्यांच्या दिवसात जे काही शिरतं ते गुणांच्या दारातूनच शिरतं. मग मारव्यालाही त्याच दारातून आत आणावं. आत आल्यावर त्याचं तो बघेल.

शिवाय ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत 1916 साली न्यू जर्सीमधल्या वेस्टफील्ड गावात सी. एम. ट्रेमेन नावाच्या गृहस्थांनी शाळकरी मुलांसाठी अशी स्पर्धा घेतली होती. आधी ठरावीक रचना ऐकवायच्या, मग त्यांतले तुकडे वाजवायचे, रचना आणि रचनाकार मुलांनी ओळखायचा. पाहता पाहता तिचं लोण देशभर पसरलं. टेक्सासच्या प्राथमिक शाळांत ती अजूनही चालते. ट्रेमेन ज्या संस्थेचं काम पाहत, तिच्या पाठीशी पियानो बनवणारे कारखानदार होते, हेही सांगून टाकते. मुलांच्या कानांची काळजी आणि पियानोचा खप एकाच गाडीतून चालले होते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा तिकीट लावून जलसे करून पैसा उभा केलाच ना? तानसेन नाही तर निदान कानसेन तरी घडावेत, ही त्यांच्या नावावर सांगितली जाणारी इच्छा गाण्याच्या क्लासांत भिंतीवर लिहिलेली असते. भिंतीखाली बसून मुलं मात्र परीक्षेला छोटा ख्याल आणि आठ ताना पाठ करत असतात. मीही तशीच शिकले, मिरजेत. तिथे एक बरं होतं, की क्लासच्या बाहेर ऐकायला गाव होतं. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्ररात्र गाणं चालायचं. तिकीट नाही, पास नाही, कुणीही येऊन बसावं. सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत असायचं. ऐकण्यासाठी मुद्दाम काही करावं लागतं हे मला कुवेतला येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. इथे तर मिरजेहून आणलेला माझा तंबोरा दुसऱ्याच उन्हाळ्यात भोपळ्याला तडकला. बाहेरची कोरडी भाजणारी हवा आणि आतला एसीचा गारठा, दोन्ही त्याला सोसेना. आता शाळेत अ‍ॅपवरचा तंबोरा आहे.

वर्गात बसलेले कान मात्र मिरजेत कधी एकत्र मिळाले नसते. मल्याळी मुलं सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, गोव्या-मंगळूरची ख्रिस्ती मुलं, हैदराबादी, गुजराती, आणि मूठभर मराठी. कर्नाटक संगीत शिकणाऱ्या मुली मांडीवर बोटं मोडत ताल धरतात; थांबा म्हटलं तरी बेंचखाली चालूच असतं. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या मुलांना एका वेळी दोन-तीन आवाज वेगवेगळे ऐकू येतात. गाणाऱ्याच्या मागून येणारी सारंगी प्रत्येक वेळी हातभर मागे असते, ती मुद्दाम मागे राहते की तिला पोचता येत नाही, असं पहिल्यांदा विचारलं ते म्हापशाच्या मुलीने. कुराणपठणाचं तजवीद शिकलेली मुलं श्वास आणि स्वराची लांबी अशी पकडतात की मी थक्क होते. अक्षर किती मात्रा लांबवायचं, कुठे थांबायचं आणि कुठे मुळीच थांबायचं नाही, यात त्यांचा कान लहानपणापासून घोटलेला असतो. आणि मराठी मुलं? त्यांना नावं येतात. भीमसेनजी, किशोरीताई, सवाई गंधर्व, जयपूर घराणं. “आमच्या घरी आजोबा लावायचे,” हे वाक्य हमखास. आजोबा लावायचे आणि नातू वरच्या खोलीत हेडफोन लावून बसायचा, हे तो सांगत नाही. पहिल्या फेरीत सर्वांत आधी घंटी वाजवतात ती ही मुलं, आणि तिसऱ्या फेरीत सर्वांत आधी बाहेर पडतात तीही हीच. हे मी मराठी पालकांसमोर बोलून दाखवलं आहे. फारसं कुणाला आवडलं नाही.

म्हणून एक नियम केला: एका संघातल्या चौघांत एक मातृभाषा दोघांची नसावी. सुरुवातीला कुरबुर झाली, कारण मैत्र्या बहुधा बसथांब्यावरून आणि भाषेवरून जुळलेल्या असतात. पण त्या नियमाने जे काम केलं ते माझ्या कुठल्याच व्याख्यानाने केलं नसतं.

ऐकवायचं काय, याचं उत्तर जुन्या तबकड्यांनी दिलं. 78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची, म्हणजे आजच्या गाण्याएवढीच. तीन मिनिटांना कुणी घाबरत नाही. 1902 साली कलकत्त्याला ध्वनिमुद्रित झालेली गौहरजान तबकडीच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारते, ते ऐकून पोरं उडतातच. ती नाटकीपणा करत नव्हती. तबकड्या छापणाऱ्यांना कुठलं गाणं कुणाचं हे कळावं म्हणून ती सोय होती. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, हिराबाई, फैयाज खाँ. आणि नेमाने केसरबाई केरकरांची भैरवी. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर बाख आणि बीथोव्हेनबरोबर ही भैरवी आहे, हे कळलं की विज्ञान शाखेच्या मुलांचे कान ताठ होतात. व्हॉयेजर-1 ने 5 सप्टेंबरला पृथ्वी सोडली, आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या. फोंड्याजवळच्या केरीतली ही बाई, हे मी एकदा सांगितल्यावर म्हापशाच्या मुलीने अख्ख्या संघाकडे असं बघितलं की जणू यान तिनेच सोडलं.

सुरुवातीला प्रश्न ओळखण्याचेच होते: राग कुठला, वाद्य कुठलं, कोण गातंय. पोरं हुशार. सीबीएसईच्या शाळेतली मुलं प्रश्नपत्रिकेचा वास लांबून घेतात. रागाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तबकडीची खरखर ऐकून, पेटीच्या पहिल्या सुरावरून, टाळ्यांच्या आवाजावरून ती ध्वनिमुद्रण ओळखायची. खरखर कमी म्हणजे अमुक, सुरुवातीला कुणी खोकलं म्हणजे तमुक. याला मी फसवणूक म्हणणार नाही. बारकाईने ऐकल्याशिवाय खोकला तरी कसा ओळखणार? आणि ओळखीशिवाय पुढची वाटही नाही. गर्दीत ओळखीचा चेहरा दिसला तरच माणूस थांबून बोलतो.

मग 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर आले. स्पर्धाही तिथेच घेतली. पहिल्याच फेरीत सगळ्या संघांना पैकीच्या पैकी. एका हाताने घंटी आणि दुसऱ्या हातात फोनवरचं शझाम. काही सेकंदांत गाणं, गाणारा, तबकडीचं वर्ष, सगळं हजर. सहकारी शिक्षक हळहळले, आता या स्पर्धेत राम राहिला नाही म्हणाले. मला उलट हायसं वाटलं. जे काम यंत्र फुकट करतं त्याला गुण द्यायचं कारण नाही; तेवढे गुण मोकळे झाले. आता प्रश्न असे काढायचे की ज्यांचं उत्तर ते गाणं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कुणालाच, फोनलाही, देता येऊ नये. गायिका सर्वांत जास्त वेळ कुठल्या स्वरावर थांबली? तबलजीने लय वाढवली की गाणाऱ्याने? वरचा षड्ज पहिल्यांदा लागला त्याआधी किती वेळा त्याच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली? या शेवटच्या प्रश्नावर मुलं अक्षरशः पुढे सरसावून बसतात. कुणीतरी दारापर्यंत येतं आणि बेल न वाजवता निघून जातं, यात काय ताण असतो ते त्या वयात बरोबर कळतं.

भूप आणि देशकारचा किस्सा त्यानंतरचा. दोन तुकडे लागोपाठ ऐकवले. आधी किशोरीताईंचा गाजलेला भूप, त्यातला विलंबित सुरुवातीचा भाग. मग बासरीवरचा देशकार. प्रश्न एवढाच, की राग एक की दोन. बारावीचा एक मुलगा, नागपूरचा, अभ्यासात पहिला. त्याने फोनवर स्वर दाखवणारं अ‍ॅप आणि कीबोर्ड दोन्ही उघडले. आमच्याकडे आता फोनला बंदी नाही, म्हटलं वापरा काय वापरायचं ते. त्याने वहीत दोन रकाने केले, षड्ज शोधला, स्वर लिहून काढले. सा, रे, ग, प, ध. दुसऱ्या रकान्यातही सा, रे, ग, प, ध. पाचही शुद्ध, मध्यम-निषाद दोन्हीकडे नाहीत. त्याने वही वर धरून जाहीर केलं, “एकच राग. प्रूफ आहे.” त्याच्याच संघातली मलप्पुरमची मुलगी मान हलवत होती. तिला तजवीदचा कान. ती म्हणाली, “स्वर असतील तेच. पण पहिल्यात ती बाई खाली येऊन बसते. दुसऱ्यात तो वरच राहतो, खाली नुसता येऊन जातो.” मी विचारलं, वर म्हणजे कुठे? तिने नाव सांगितलं नाही, स्वर गुणगुणून दाखवला. धैवत होता.

भूपात गंधार वादी, वावर पूर्वांगात. देशकारात धैवत वादी, सगळा मुक्काम उत्तरांगात. भूप संध्याकाळचा नि देशकार सकाळचा. हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं असतं आणि गुरुवारपर्यंत विसरली असती. नागपूरचा मुलगा मात्र हटून बसला. त्याने ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितलं आणि प्रत्येक स्वरावर किती सेकंद जातात ते मोजायला घेतलं. त्याचे आकडे तिच्याच बाजूने निघाले. “मग हे आधी मोजायला हवं होतं,” असं पुटपुटत त्याने रकान्यांखाली नवी रेघ मारली. मला त्याचं मोजणं आवडलं. संगीताच्या माणसांना मोजण्याची उगीच ऍलर्जी असते. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून बंदिशी गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली, तेव्हा तेही मोजतच होते.

सर्वांत मोठी वादावादी झाली ती मालकंसावरून. उत्तरपत्रिकेत एका तमिळ मुलीने ‘हिंदोलम’ लिहिलं. पलीकडच्या संघातला मराठी मुलगा ताडकन उभा: “मॅम, चूक! हिंडोल वेगळा राग आहे, त्यात तीव्र मध्यम असतो.” मुलगी शांतपणे म्हणाली की तिच्या गुरूंनी तिला हेच शिकवलंय, आणि तिने दोन ओळी गाऊन दाखवल्या, मालकंसच. दोघांचंही बरोबर होतं. उत्तरेतला हिंडोल आणि दक्षिणेतला हिंदोलम यांचा एकमेकांशी स्वरांपुरताही संबंध नाही, आणि आपला मालकंस तोच त्यांचा हिंदोलम. तसा भूप म्हणजे मोहनम, दुर्गा म्हणजे शुद्ध सावेरी. हंसध्वनी तर दक्षिणेतून आपल्याकडे भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँनी आणून रुळवला. तो लागला की मल्याळी मुलं पहिल्या सुरावटीतच हसतात. तेव्हापासून दोन्ही नावांना पूर्ण गुण आहेत, आणि दोन्ही सांगणाऱ्याला एक गुण जादा. मराठी पालकांपैकी एकांनी याला ‘तुष्टीकरण’ म्हटलं. मी त्यांना चहा दिला.

आमचा हॉल हा या सगळ्याचा शत्रू. भाषणांसाठी बसवलेले कर्णे. त्यांतून तंबोरा डासासारखा ऐकू येतो. दोन चांगले स्पीकर मी घरून नेते. एसीचं मात्र काही करता येत नाही, बंद केला तर पाच मिनिटांत मुलं उकडून निघतात. एकदा सरावाच्या वेळी तंबोऱ्याचं अ‍ॅप काळी एकमध्ये लावून ठेवलं होतं आणि मी मारव्याबद्दल सांगत होते, की त्यात पंचम वर्ज्य, षड्जही फार जपून लागतो, कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यातच सगळं अधांतरी तरंगत राहतं. मागच्या रांगेतून नववीतला एक जण म्हणाला, “पण मॅम, एसी पंचम देतोय. उतरलेला.” सगळे हसले, मग गप्प झाले, आणि खरंच, यंत्राची घरघर तंबोऱ्याच्या पंचमाच्या जरा खाली येऊन लोंबकळत होती. एकदा ऐकू आल्यावर ती कानातून जाईना. त्या दिवशी आम्ही हॉल सोडून ग्रंथालयाच्या कोपऱ्यात गेलो आणि अमीर खाँसाहेबांचा मारवा तिथे ऐकला; 1960 सालची ध्वनिमुद्रिका, पूर्ण बाजू. कुठलाही प्रश्न दिला नव्हता. काही मुलं झोपली, एक-दोघांनी लपून फोन बघितला. झोपलेल्यांना मी उठवलं नाही. अमीर खाँच्या विलंबितात झोप लागणं हा काही अपमान नव्हे.

कुवेतचं स्वतःचं संगीत स्पर्धेत यायला हवं ही सूचना मुलांचीच. मी आधी बिचकले, कारण मला त्यातलं फार येत नाही. पण वाचत गेले तशी मुंबईच समोर आली. तेल सापडण्यापूर्वी हा देश समुद्रावर जगायचा: उन्हाळ्यात मोती काढायचे, थंडीत खजूर घेऊन बसऱ्याहून मुंबई-मलबारपर्यंत गलबतं न्यायची आणि येताना सागवान, तांदूळ, मसाले आणायचे. इथे 1961 साली दिनार येईपर्यंत रुपयाच चालत होता. गलबतावर शिडं ओढताना गाणारा पगारी गायक असायचा, त्याला नह्हाम म्हणत. आणि ज्यांना कुवेती ‘सौत’ या गायनप्रकाराचा आद्य पुरुष मानतात, ते अब्दुल्ला अल-फरज वाढले, शिकले मुंबईत. वडिलांचा तिथे व्यापार होता. हिंदुस्थानी संगीत त्यांच्या कानावरून गेलं होतं. विसाव्या शतकात बगदाद गाजवणारे सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे भाऊ इथलेच. त्यांचं पहिलं व्हायोलिन आणि ऊद काकांनी हिंदुस्थानच्या फेरीतून आणलं होतं, असं सांगतात.

सौत लावला. ऊद, व्हायोलिन, आणि मिरवास नावाचा चिमुकला दोन तोंडांचा ढोल, मध्येच बसल्या जागी टाळ्या. मुलांना समेचा खेळ इथेही खेळायचा होता. टाळ्यांत दोन गट एकमेकांच्या फटींतून वाजवत होते आणि कुणालाच सम धरता येईना, मलाही नाही. चर्चच्या कॉयरमधला एक मुलगा म्हणाला की प्रत्येकाने एकच गट ऐकावा आणि नंतर जुळवावं. तसं केलं. जुळलं, थोडं.

त्याच संध्याकाळी मगरिबची अजान झाली. अजान सुरू झाली की आम्ही सगळं थांबवतो, स्पीकर बंद. ती संपल्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, भैरवासारखं वाटलं. मलप्पुरमच्या मुलीने तिथल्या तिथे दुरुस्त केलं, “ते गाणं नाही.” मग जरा थांबून, “पण सूर आहेत. हिजाझ.” हिजाझ मकाम आपल्या बसंत मुखारीच्या फार जवळ जातो, दक्षिणेतल्या वकुळाभरणमच्याही, मात्र अरबी कानाला तो कोमल ऋषभ किंचित चढा आणि गंधार किंचित उतरलेला लागतो, दोघांतली दरी थोडी आखूड होते. कीबोर्डवर ते सापडत नाही. नागपूरच्या मुलाने पट्ट्यांच्या मधे बोट ठेवून पाहिलं आणि माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने बघितलं.

“मॅडम, याचे बोर्डाला काही मिळतात का?” हा प्रश्न मला दर पालकसभेत येतो, आणि विचारणारा बहुधा मराठी किंवा तेलुगू बाप असतो. मिळत नाहीत. सीबीएसईत हिंदुस्थानी संगीत हा विषय आहे; आमच्याकडे तो कुणी घेत नाही, आणि मी आग्रहही करत नाही. विषय झाला की पुस्तक येतं, पुस्तक आलं की व्याख्या येतात आणि व्याख्या आल्या की स्पीकर कपाटात जातात. एका वडिलांनी मात्र चिकाटीने विचारलं, की मग त्याला यातून मिळतं काय? मी म्हटलं, मागच्या महिन्यात त्याने अर्धा तास मन लावून काहीतरी ऐकलं, असं दुसरं काय आहे घरी? ते विचारात पडले. मग म्हणाले, “माझं तरी कुठे ऐकतो?” आणि आम्ही दोघे हसलो.

यंदापासून अंतिम फेरीचे प्रश्न मागच्या वर्षीचे विजेते काढतात. माझ्यापेक्षा दुष्ट प्रश्न काढतात. मोठ्यांसाठीही एक फेरी ठेवली. पालकांचा संघ रूपकात व्यवस्थित चौथ्या मात्रेवर गेला आणि मुलांनी त्यांना अजिबात दया दाखवली नाही. शेवटचा प्रश्न मलप्पुरमच्या मुलीचा होता, ती आता बारावीत आहे. कुमार गंधर्वांचं एक ध्वनिमुद्रण तिने निवडलं आणि विचारलं: गायक श्वास कुठे कुठे घेतो, आणि त्यांपैकी कुठला श्वास गाण्याचाच भाग आहे? क्षयातून उठल्यावर एका फुफ्फुसाच्या बळावर कुमारजी पुन्हा गायला लागले, तुकड्या-तुकड्यांत येणारी ती गायकी तिथून घडली असं जाणकार म्हणतात, हे तिला कुठून कळलं कोण जाणे. प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याला तीन संघांनी जवळपास सारखीच उत्तरं दिली. दुसऱ्या अर्ध्यावर तिन्ही संघ वेगळे, परीक्षक म्हणून बोलावलेल्या दोघांचं एकमेकांशी जुळेना, आणि माझं त्या दोघांशी. बस सुटायची वेळ झाली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पहिल्या अर्ध्याच्या गुणांवर ढाल देऊन टाकली. दुसऱ्या अर्ध्याचे गुण अजून कुणालाच दिलेले नाहीत. ती मुलगी दर आठवड्याला येऊन विचारते.